जुनी मानदुखी: हात काय करतो, व्यायाम काय करतो

“मणक्यात गॅप आलाय,” असं म्हणत माणूस एक्स-रेचं पाकीट टेबलावर ठेवतो. कुणी म्हणतं नस दबलीय, कुणी म्हणतं स्पॉन्डिलायटिस आहे. दुखणं सहा महिन्यांचं असतं, कधी सहा वर्षांचं. मधल्या काळात तेल चोळून झालेलं असतं, गळ्यात पट्टा घालून झालेला असतो, मशीनचा शेक घेऊन झालेला असतो, गोळ्यांनी पित्त खवळलेलं असतं. मग प्रश्न येतो: “तुम्ही हातानं मान मोकळी करून देणार, की पुन्हा व्यायामच सांगणार?”

गोव्यात, फोंड्यात फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो आणि तो रास्त आहे. पैसे आणि वेळ खर्च करणाऱ्याला कशानं काय होतं हे कळायलाच हवं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हाताच्या उपचारानं मान काही तास, काही दिवस मोकळी होते. त्या मोकळ्या दिवसांत मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंना कामाला लावलं, तर आराम टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. नुसत्या हातावर राहिलं की दर पंधरवड्याला येऊन कॉटवर झोपावं लागतं, आणि ते मला कुणाच्याच बाबतीत नको असतं.

मानेत आहे काय

मानेत सात मणके, आणि त्यांच्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं. सर्वांत वरचे दोन मणके इतरांपेक्षा वेगळ्या घडणीचे आहेत. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातलं जवळजवळ निम्मं वळण एकट्या या दोघांमधल्या सांध्यात होतं. त्यामुळे “स्कूटर मागे घेताना वळून बघता येत नाही” अशी तक्रार असली की मी ही जागा आवर्जून तपासते. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती, मागच्या बाजूला डावा-उजवा असे दोन छोटे सांधे, आणि बाजूंनी खांद्या-हातांकडे जाणाऱ्या नसा. वरच्या सहा मणक्यांच्या दोन्ही कडांना भोकं असतात आणि त्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. या रक्तवाहिन्या लक्षात ठेवा, त्यांच्याबद्दल पुढे महत्त्वाचं सांगायचं आहे.

स्नायूंचे दोन थर धरू. वरचा थर आपल्याला माहीत असतो: मानेपासून खांद्यापर्यंतचा तो जाड पट्टा, जो आपण दुखलं की स्वतःच दाबत बसतो, आणि कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा, मान वळवली की उठून दिसणारा. आतला थर दिसत नाही, हाताला लागत नाही. घशाच्या मागे, मणक्यांना चिकटून असलेले हे लांबट स्नायू मान सावरून धरतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात ग्वेंडोलेन जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं याच स्नायूंचा अभ्यास केला. जुनी मानदुखी असलेल्या अनेकांत हे आतले स्नायू कामातून अंग काढून घेतात आणि सगळा भार वरच्या स्नायूंवर येतो, असं त्यातून पुढे आलं. वरचे स्नायू मग दिवसभर ताठलेले. आपण त्यांनाच चोळतो, त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि ज्यांनी काम करायचं ते आत निवांतच राहतात.

एक्स-रे, एमआरआय आणि भीती

वयाबरोबर चकतीतलं पाणी कमी होतं, तिची उंची घटते, मणक्यांच्या कडांवर हाडाचे बारीक काटे येतात. रिपोर्टात याला झीज म्हणतात. ही झीज खरी असते, पण ती दुखण्याचं कारण असेलच असं नाही. जपानमध्ये १,२११ लोकांच्या मानेचा एमआरआय काढला गेला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. या सगळ्यांची मान ठणठणीत होती, कसलाही त्रास नव्हता. तरी त्यांच्यातल्या ८७.६ टक्के लोकांची एखादी तरी चकती बाहेर आलेली होती. विशीतल्या मुलामुलींतही हे प्रमाण चारात तीनच्या आसपास होतं.

हे ऐकून काही जणांचा चेहरा पडतो. “म्हणजे माझं दुखणं खोटं?” अजिबात नाही. दुखणं शंभर टक्के खरं आहे. फक्त त्याचं मोजमाप फोटोत दिसत नाही. पन्नाशीच्या बाईला रिपोर्ट वाचून “आता जपूनच राहायचं” असं वाटलं, तर ती पाण्याची कळशी उचलणं सोडते, वळून बघणं सोडते, हळूहळू मान हलवणंच सोडते. वर्षभरात स्नायू उतरतात आणि पूर्वी ज्यानं काहीच व्हायचं नाही त्यानंही दुखायला लागतं. या भीतीनं केलेलं नुकसान मी चकतीनं केलेल्या नुकसानापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

तीन महिन्यांवर गेलेल्या दुखण्याला जुनं म्हणतात. इतक्या काळात सुरुवातीची इजा, मुरगळ, सूज बहुतेक वेळा भरून आलेली असते. मग दुखतं कशानं? चोर येऊन गेल्यावर घरचा कुत्रा पुढे कित्येक दिवस पोस्टमनवर, पावावाल्यावर, शेजारच्या पोरांवरही भुंकत राहतो. मज्जासंस्थेचंही तसंच होतं. ती जास्त जागरूक होते आणि साध्या हालचालीलाही धोका समजून ओरडते. झोप नीट नसली, घरात आजारपण असलं, कामाचा ताण वाढला की हे ओरडणं वाढतं. “मनाचा खेळ आहे” असं म्हणून कुणी तुम्हाला वाटेला लावत असेल तर ते चूक आहे. झोप आणि ताण शरीरावर परिणाम करतात, तो शरीराचाच भाग झाला.

मोबाइलबद्दल दोन शब्द. डोकं ६० अंश पुढे झुकवलं की मानेवर २७ किलोचा भार येतो, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो २०१४ मधल्या एका संगणकी हिशेबातून आला. माणसांच्या माना मोजून, कुणाची दुखते आणि कुणाची नाही हे पाहून तो काढलेला नाही. खाली वाकणं हे मानेचं रोजचंच काम आहे. मानेला जड जातं ते एकाच स्थितीत तासन् तास राहणं. पणजीत पाटोवरच्या ऑफिसात संगणकाकडे बघणारा, वेर्ण्याच्या कारखान्यात पॅकिंग लाइनवर उभी असलेली मुलगी, चतुर्थीआधी रात्री जागून ब्लाऊज शिवणारी बाई, काजू सोलायला बसणाऱ्या बायका, या सगळ्यांची मान वेगवेगळ्या कोनांत आहे आणि दुखणं सारखंच आहे. चतुर्थीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना तर मान वर असते, तरी दुसऱ्या दिवशी निम्म्या वाड्याची मान धरलेली असते. वर्षभर त्या बाजूला मान नेलेलीच नसते, आणि एका दिवसात तिला दोन तास तिकडे धरायला लावतो. त्यामुळे मी कुणाला “ताठ बसा” असं सांगत नाही. अर्ध्या तासानं उठा, पाणी प्या, मान सगळीकडे फिरवून पुन्हा बसा, एवढं सांगते.

हाताचे उपचार: आत नेमकं काय होतं

श्रावणात भजनांचा जोर असतो, वास्कोचा दामोदर सप्ताह त्यातच येतो. त्या दिवसांत पेटी वाजवणारे एक काका आले. मांडी घालून, एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, मान सतत डावीकडे गाणाऱ्याकडे वळलेली. कित्येक वर्षांची ही बैठक. उजवीकडे मात्र मान वळायला तयार नव्हती. बसवून वळायला सांगितलं तर डावीकडे हनुवटी खांद्याजवळ येत होती, उजवीकडे निम्म्यातच अडत होती.

हात लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं विचारण्यात आणि तपासण्यात गेली. पडलात का, अपघात झाला का, ताप, वजन कमी होणं, चक्कर, हाताला मुंग्या, चालताना तोल, लघवीवर ताबा. मग दोन्ही हातांची पकड, छोट्या हातोडीनं हातापायांचे झटके, त्वचेची जाणीव, रक्तदाब. काकांना कंटाळा आला. पण हे केल्याशिवाय मानेला कुणीही हात लावू नये, आणि तुम्हीही लावू देऊ नये.

मग त्यांना पालथं झोपवलं. दोन्ही अंगठे मानेच्या मध्यरेषेपासून बोटभर उजवीकडे ठेवून एकेक सांधा हलका दाबून पाहिला. वरून तिसऱ्या मणक्यापाशी ते म्हणाले, “हाच तो, हाच!” तिथे मी लयीत दाब द्यायला सुरुवात केली. सेकंदाला साधारण दोनदा, खोल पण दुखवणारा नाही, अर्धा-पाऊण मिनिट. थांबायचं, पुन्हा. तीन-चार वेळा झाल्यावर उठवून बसवलं आणि पुन्हा वळायला सांगितलं. मान उजवीकडे आधीपेक्षा बरीच पुढे गेली. काकांनी दोनदा वळून खात्री केली.

“हाड बसलं ना?”

“काका, हाड जाग्यावरून हललंच नव्हतं.”

लोकांना हे पटायला वेळ लागतो. दाबानं मणका कुठून कुठे सरकत नाही. सांध्याभोवतीचे स्नायू घाबरून आवळलेले असतात, ते सैल पडतात. त्वचा, स्नायू आणि सांधे यांतून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बदलतात आणि दुखण्याचे संदेश काही काळ दबतात. शिवाय विश्वासानं कुणी नीट तपासलं, हात लावला, याचाही वाटा असतो, आणि तो मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. हा परिणाम खरा आहे, मोजता येतो. पण तो तात्पुरता आहे.

असा लयीत दिलेला दाब म्हणजे मोबिलायझेशन. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी त्याच्या पायऱ्या पाडल्या आणि जगभरचे फिजिओथेरपिस्ट आजही त्या वापरतात. पहिल्या दोन पायऱ्या अगदी हलक्या, ज्यांना खूप दुखतं त्यांच्यासाठी. तिसरी-चौथी सांध्याच्या अडलेल्या टोकापर्यंत जाते. या चारही पायऱ्यांत रुग्ण “थांबा” म्हणू शकतो. पाचवी वेगळी आहे: एकदम, झटक्यात, छोटासा धक्का. तिला मॅनिप्युलेशन म्हणतात आणि बहुतेकदा त्यात ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज हाडाचा नसतो. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं. सांधा झटकन ताणला की त्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते. कॅनडात २०१५ मध्ये बोट मोडतानाचं चित्रण एमआरआयमध्ये केलं गेलं, त्यात ही पोकळी त्या क्षणी उघडताना स्पष्ट दिसली. आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला, न आला म्हणजे फुकट गेला, असं काही नसतं.

आता फायद्याचा हिशेब. नेदरलँड्समधला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मानदुखीच्या १८३ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला आठवड्यातून एकदा हाताचा उपचार, तोही झटका न देता. दुसऱ्याला मुख्यतः व्यायामावर भर असलेली फिजिओथेरपी. तिसरा गट नेहमीच्या डॉक्टरांकडे, गोळ्या आणि सल्ल्यावर. सात आठवड्यांनी आपण पूर्ण किंवा बऱ्याच अंशी बरे झालो असं सांगणारे पहिल्या गटात ६८.३ टक्के होते, दुसऱ्यात ५०.८, तिसऱ्यात ३५.९. हाताच्या उपचारानं सुटका लवकर झाली हे उघड आहे. पण वर्षानं पुन्हा पाहिलं तेव्हा तिन्ही गटांमधलं अंतर बरंच मिटलं होतं. यातले अनेक रुग्ण काही आठवड्यांच्याच दुखण्याचे होते, त्यामुळे जुन्या दुखण्याला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. मी यातून एवढंच घेते की हात वेळ वाचवतो. सहा महिने रखडलेल्या माणसाला सहा आठवड्यांत हसताना बघणं ही लहान गोष्ट नाही.

अमेरिकेतल्या फिजिओथेरपी संघटनेनं २०१७ मध्ये मानदुखीची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. मान आखडलेल्या जुन्या रुग्णांसाठी त्यांनीही मिश्र उपचारच सांगितले आहेत: मानेवर आणि पाठीच्या वरच्या भागावर हाताचे उपचार, जोडीला मान आणि खांद्याचे व्यायाम. पाठीचा वरचा भाग हलवला की मानही मोकळी होते, हे अनेकांना नवल वाटतं. ज्यांच्या मानेला थेट हात लावायला मन घेत नाही, त्यांच्यासाठी मी तिथूनच सुरुवात करते.

सलूनमधला झटका

केस कापून झाले, चंपी झाली, की काही ठिकाणी डोकं दोन्ही हातांत धरून मान डावीकडे आणि उजवीकडे कटकन मोडून देतात. कुणी आपल्याला विचारतही नाही. अनेकांना ते आवडतं, दोन तास हलकं वाटतं. माझी हात जोडून विनंती आहे, हे करून घेऊ नका. “मान नको” एवढं खुर्चीत बसतानाच सांगा.

मघाशी सांगितलेल्या त्या दोन रक्तवाहिन्या वरच्या मणक्यांपाशी वळणं घेत मेंदूत शिरतात. मान झटक्यानं टोकापर्यंत वळली तर त्यांचा आतला पापुद्रा फाटू शकतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. हे क्वचित घडतं. पण ज्याला घडतं त्याचं आयुष्य बदलतं, आणि तरुण माणसालाही घडू शकतं. सलूनमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यावर झालेल्या अशा पक्षाघातांची नोंद १९९० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत आहे. आणखी एक गुंता आहे. पापुद्रा फाटलेला असतो तेव्हा कित्येकदा पहिलं लक्षण मानदुखी आणि डोकेदुखी हेच असतं. माणूस त्या दुखण्यासाठी मान मोडून घ्यायला जातो आणि आधीच फाटलेली जागा आणखी फाटते. प्रशिक्षित हातांनाही हा धोका शून्यावर आणता येत नाही. म्हणून मी स्वतः मानेच्या वरच्या भागाला झटका देत नाही. लयीतल्या दाबानं काम होत असताना तो धोका पत्करायचा कशाला?

काही लक्षणं असली तर फिजिओथेरपिस्टकडे येऊ नका, आधी डॉक्टरकडे जा. पूर्वी कधीच नव्हतं असं अचानक उठलेलं तीव्र मान-डोकं दुखणं आणि सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, चेहरा बधिर किंवा वाकडा होणं: १०८ ला फोन करून तडक गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), घरी थांबून बघत बसायचं नाही. शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना पाय अडखळणं, लघवीवरचा ताबा जाणं: मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होणं. ताप, विनाकारण वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं न थांबणारं दुखणं. दुचाकीवरून पडल्यानंतरची मानदुखी, पडणं किरकोळ वाटलं तरी. संधिवात, म्हणजे बोटांचे सांधे सुजणारा आमवात, ज्यांना आहे त्यांचे वरचे दोन मणके ढिले असू शकतात. त्यांनी मालिशवाल्यालाही मानेला हात लावू देऊ नये. आणि चढ चढताना मान-जबडा-डावा हात भरून येत असेल, थांबल्यावर उतरत असेल, तर ते हृदयाचं असू शकतं.

व्यायाम, कंटाळवाणा आणि कामाचा

“व्यायाम केले, फरक नाही,” असं म्हणणाऱ्याला मी ते करून दाखवायला सांगते. बहुतेकदा ते मान चारी दिशांना फिरवणं असतं, तेही घाईत, दात घासता घासता. ती झाली हालचाल, आणि ती चांगलीच. पण त्यानं ताकद येत नाही.

आतल्या स्नायूंसाठीचा व्यायाम दिसायला इतका साधा आहे की लोक तो मनावर घेत नाहीत. पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले, डोक्याखाली पातळ घडीचा टॉवेल. आता कुणाला तरी अगदी हळू “हो” म्हणताय अशी मान हलवा. हनुवटी किंचित घशाकडे येईल, डोक्याचा मागचा भाग टॉवेलवरून वर सरकेल, पण डोकं उचलायचं नाही. दोन बोटं गळ्याच्या पुढच्या बाजूला ठेवा. तिथले तिरके स्नायू दोरीसारखे ताठ झाले तर तुम्ही जोर जास्त लावताय, निम्म्यावर या. दात आवळायचे नाहीत, श्वास चालू ठेवायचा. दहा सेकंद धरा, सोडा. दहा वेळा. दवाखान्यात आम्ही मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतो. ती पाऱ्याच्या २० मिलिमीटर दाबावर फुगवायची आणि मान हलवून काटा दोन-दोननं वाढवत ३० पर्यंत न्यायचा. पहिल्या दिवशी अनेकांना २४ वर काटा स्थिर धरता येत नाही, मान थरथरते. पेटीवाल्या काकांचंही तेच झालं. वीस किलोचं पोतं उचलणाऱ्या माणसाला “हो” म्हणणं जमेना याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं, आणि बहुधा त्याचमुळे त्यांनी तो व्यायाम नेमानं केला.

दोन-तीन आठवड्यांनी यावर थांबायचं नाही. खरा जोर लावायची वेळ येते. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या, ऑफिसात काम करणाऱ्या १८० बायकांचा वर्षभर अभ्यास झाला आणि २००३ मध्ये तो छापून आला. एका गटानं रबरी पट्टा आणि डंबेल्स घेऊन मान-खांद्याची ताकद वाढवली, एकानं हलके पण जास्त वेळा करायचे व्यायाम केले, एकाला फक्त ताण देण्याचे आणि चालण्यासारखे व्यायाम सांगितले. वर्षअखेर पहिल्या दोन गटांचं दुखणं तिसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी झालं होतं. “मान दुखते तर वजन उचलू नका” या सल्ल्याच्या हे बरोब्बर उलट आहे.

“वेळ कुठे आहे?” हे कारण मी समजू शकते. पहाटे उठून डबे करून, बस पकडून पणजी गाठणाऱ्या बाईला एक तास सांगणं अन्याय आहे. तिच्यासाठी डेन्मार्कचा २०११ मधला अभ्यास सांगते. मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांपैकी काहींना रोज १२ मिनिटं, काहींना रोज फक्त २ मिनिटं रबरी पट्ट्याचा व्यायाम दिला, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. दोन मिनिटवाल्यांचं दुखणंही, व्यायाम न दिलेल्या तिसऱ्या गटापेक्षा लक्षणीय कमी झालं. व्यायाम एकच होता: पट्ट्याच्या मध्यावर उभं राहायचं, दोन्ही टोकं हातांत, कोपरं किंचित वाकवून दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचे, सावकाश खाली आणायचे. पट्टा नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, मग एक लिटरच्या. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचंच, तिथेच बहुतेकांचा व्यायाम अडतो.

करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत होणं, हे चालतं. रात्रभर ठणकलं, हातात कळ उतरली, तर वजन कमी करा किंवा फोन करून विचारा.

मशीन, पट्टा, उशी

शेकानं बरं वाटतं, तो घरीच गरम पाण्याच्या पिशवीनं घ्या. त्यासाठी रिक्षाचे पैसे घालवू नका. अल्ट्रासाउंड मशीनचा फायदा जुन्या मानदुखीत फारसा दिसत नाही. करंटच्या मशीननं थोडा वेळ आराम मिळतो, तोही चालू असेपर्यंत आणि थोडा नंतर. पट्टा आठवडेच्या आठवडे घातला तर स्नायू आणखी उतरतात; डॉक्टरांनी ठरावीक कारणासाठी, ठरावीक दिवस सांगितला असेल तेव्हाच घाला. उशी अशी हवी की कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्यरेषेत राहील. महागडी आहे म्हणून ती बरी करते असं नाही. आणि मान दुखते म्हणून हेल्मेट डिकीत ठेवणाऱ्यांनी ते आजच डोक्यावर चढवावं.

कुणाकडे जायचं, काय विचारायचं

फिजिओथेरपी ही पदवी आहे आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं ती मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसायांत आहे. भिंतीवर पदवी कुणाची आहे ते बघायला संकोच करू नका. गोमेकॉत फिजिओथेरपी विभाग आहे. खाजगीचा खर्च झेपत नसेल तर तिथे जा. पहिल्याच भेटीत, न तपासता, दहा किंवा पंधरा दिवसांचं मशीनचं पॅकेज पुढे केलं तर विचारा: माझी मान कुठे अडते? चार-सहा आठवड्यांनी काय बदललेलं दिसायला हवं? घरी मी काय करायचं? यांची उत्तरं नीट देणारा माणूस तुमचा. वर्षभर दर आठवड्याला यायला सांगणाऱ्याकडून उत्तरं मिळत नसतील तर दुसरं दार बघा. माझ्याकडे बहुतेकांना सुरुवातीला आठवड्यातून एकदा, पाच-सहा वेळा पुरतं. पुढे महिन्यानं एकदा, तेही वजन किती वाढवलं हे बघण्यापुरतं.

सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर तोच उपचार रेटायचा नाही. पुन्हा तपासायचं, डॉक्टरांशी बोलायचं. हाताकडे कळ जात असेल तर उपचार बदलतो, डोकेदुखी मानेतून येत असेल तर तोही वेगळा असतो. झोप लागत नसेल तर आधी झोपेचं बघावं लागतं.

दुखणं एकदा गेलं की पुन्हा कधीच येणार नाही, असं वचन मी देत नाही. जुनी मानदुखी अधूनमधून डोकं वर काढते: पावसाळ्यातल्या सर्दीनंतर, लग्नसराईच्या जागरणानंतर, रात्रभर बसच्या प्रवासानंतर. तेव्हा लोक घाबरून व्यायाम पूर्ण बंद करतात आणि शून्यावर येतात. तसं करू नका. दोन-तीन दिवस वजन निम्मं करा, “हो” वाला व्यायाम चालू ठेवा, शेक घ्या, चालायला जा, मान दुखेल तिथपर्यंत सगळीकडे हलवत राहा. बहुतेकदा आठवडा-दहा दिवसांत ती पूर्वपदावर येते. मग वजन पुन्हा होतं तिथे न्या. दुखणं नेहमीच्यापेक्षा वेगळं वाटलं, हातात नवी कळ किंवा बधिरपणा आला, तर मात्र वाट न बघता पुन्हा तपासून घ्या.